फॅरोचे कऱ्हाकाठचे समकालीन

बारामती तालुक्यात कऱ्हा जिथं नीरेला मिळते तिथं सोनगाव आहे. संगमावर महादेव, भोवती ऊस, श्रावणात सोमवारची गर्दी. १९६५ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मंडळी इथं आली आणि शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली त्यांनी इथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, खड्डे घेतले. थरामागून थर उतरत गेल्यावर जी वस्ती लागली ती ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची होती. तिथं सापडलेल्या मडक्यांची दोन घराणी पुरातत्त्वाच्या लोकांना ओळखीची होती. एक माळव्याकडचं, दुसरं जोर्व्याचं. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव. तिथं १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेल्या, टिचकी मारली तर खणखणणाऱ्या भांड्यांना त्या गावाचं नाव कायमचं चिकटलं.

याच शतकांत, पश्चिमेला चार हजारांवर किलोमीटर दूर, नाईलच्या काठी तुतानखामेन गादीवर बसला आणि तरुणपणीच गेला. दुसऱ्या रामेसेसनं सहा दशकं राज्य केलं. पाठ्यपुस्तकानं आपल्याला हे दोघं दिले, पिरॅमिड दिले, ममी दिली. राजे सोडून साधा इजिप्शियन माणूस सकाळी उठून काय करत होता हे विचारलं, तर त्याचंही उत्तर मिळतं, आणि ते चकित करण्याइतकं बारीक मिळतं. कऱ्हाकाठच्या माणसाबद्दल तोच प्रश्न विचारला की आपण खापराकडे बघत बसतो. हा फरक कशामुळे पडला, आणि तरीही खापरानं काय काय सांगितलं, हा या लेखाचा विषय.

आधी तिकडचं बघू. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम काठाला डोंगराच्या कुशीत देर अल-मदिना नावाचं गाव आहे. राजांच्या दरीतली थडगी कोरणारे, गिलावा करणारे, रंगवणारे कारागीर तिथं पिढ्यान्‌पिढ्या, साधारण चारशे-साडेचारशे वर्षं राहत होते. गावकुसाच्या आत सत्तरच्या आसपास घरं, एकमेकांना भिंतीला भिंत लावून. पाण्याचा थेंब नाही. नदीवरून गाढवांच्या पाठीवर पाणी यायचं. एकदा लोकांनी विहीर खणायला घेतली, पन्नासेक मीटर खोल गेले, पाणी लागलंच नाही. तो कोरडा खड्डा पुढं गावाची कचराकुंडी झाला, आणि विसाव्या शतकात उत्खनन करणाऱ्यांना त्यातूनच घबाड मिळालं. चुनखडीच्या कपच्या आणि फुटक्या मडक्यांची खापरं, हजारोंनी, आणि त्यांवर शाईनं लिहिलेला मजकूर. पपायरस महाग, म्हणून किरकोळ हिशेब खापरावर. कोणी कोणाकडून गाढव भाड्यानं घेतलं, कोणाचं येणं राहिलं, धोब्याकडं किती कपडे गेले.

अशीच एक मोठी कपची आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रामेसेस दुसऱ्याच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षाची, म्हणजे इ.स.पू. १२४० च्या आसपासची. तिच्यावर चाळीस कामगारांची गैरहजेरी मांडली आहे, आणि बहुतेक दिवसांच्या वर लाल शाईनं कारण दिलं आहे. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. कोणी आईच्या मृतदेहाला मसाला भरण्याच्या कामात होता. कोणी घरी बिअर गाळत होता, आणि ही सबब मुकादमाला चालत होती, कारण सणासुदीची बिअर ही गरजेची गोष्ट होती. काहींच्या नावापुढं बायकोची किंवा मुलीची पाळी हे कारण आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या सरकारी हजेरीपत्रकात हा शब्द सरळ लिहिलेला आहे, आणि आपल्याकडं मेडिकलवाला अजून पॅड काळ्या पिशवीत गुंडाळून देतो.

या लोकांना पगार धान्यात मिळायचा. साध्या कामगाराला महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोतं जव असा दर होता. त्यांचं पोतं आपल्यापेक्षा लहान होतं, सुमारे पंच्याहत्तर लिटर मापाचं. गव्हाची भाकर, जवाची बिअर. तिसऱ्या रामेसेसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, हे धान्य वेळेवर येईना. तेव्हा कामगारांनी हत्यारं टाकली, गावाबाहेर पडले आणि राजांच्या देवळांमागं जाऊन बसले. आम्ही उपाशी आहोत, अंगावर कपडा नाही, भाजीपाला नाही, हे फॅरोला कळवा, अशी त्यांची मागणी होती. जगात लेखी नोंद असलेला हा सर्वांत जुना संप. त्याचं टिपण करणारा कारकून गावातलाच होता.

थोडं पुढं, पाचव्या रामेसेसच्या काळात, नौनाख्ते नावाच्या म्हातारीनं याच गावात मृत्युपत्र केलं. तिला आठ मुलं. म्हातारपणी ज्यांनी तिला बघितलं नाही त्यांना तिनं आपल्या वाट्यातून वगळलं, आणि तसं पंचांसमोर नावं घेऊन लिहून ठेवलं. तालुक्याच्या सबरजिस्ट्रार कचेरीत बसणाऱ्या कोणाही दस्तलेखकाला हा कागद समजावून सांगावा लागणार नाही.

आता इकडं. सोनगावचं खोदकाम छोटं होतं. त्या काळातल्या आपल्याकडच्या माणसाचं जगणं सगळ्यांत भरघोस हाती लागलं ते इनामगावात. हे शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. घोड पुढं भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीत, म्हणजे इंदापूरच्या दाराशी येतं. त्यामुळं नदीच्या हिशेबानं ही मंडळी सोनगावकरांची भावकीच. १९६८ पासून १९८३ पर्यंत ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथं हंगामामागून हंगाम काम केलं. शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे केले. भारतात ताम्रपाषाणयुगातलं एक गाव इतकं आडवं-तिडवं, घर न् घर करून दुसरीकडं क्वचितच खणलं गेलं असेल.

इ.स.पू. १६०० च्या सुमारास लोक तिथं आले आणि ७०० पर्यंत राहिले. घरं चौकोनी, कुडाची, मातीनं लिंपलेली, मधे बोळ. गावाच्या मध्यात खाऊन-पिऊन सुखी कुटुंबं, पश्चिमेच्या कडेला कुंभार, सोनार, हस्तिदंताचं काम करणारे, मणी घडवणारे. म्हणजे बलुत्याची आळी गावाच्या कडेला असण्याची रीत नवी नाही. तांबं फार थोडं, जपून वापरलेलं. रोजची सुरी म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाचं लांबट पातं. एका भांड्यावर कोणीतरी ओरखडून बैलगाडी काढली आहे. चित्र अगदीच कामचलाऊ आहे, पण बैल जुंपलेले कळतात.

मधोमध एक पाच खोल्यांचं घर होतं आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार. ढवळीकरांनी यावरून तर्क केला की हे गावच्या प्रमुखाचं घर, आणि गावाचं धान्य त्याच्या ताब्यात जमा होत असावं. मला हा तर्क पटतो, कारण गावातल्या कष्टाचं एक मोठं काम असा ताबा असल्याशिवाय उभं राहिलं नसतं. ते काम म्हणजे पाट. नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी दगड-मातीचा लांब बांध घातला आणि गावाच्या बाजूनं रुंद, खोल चर खणला. इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकात, लोखंडाचं फावडंही नसताना. नाईलचा पूर दरवर्षी ठरल्या वेळी येऊन शेतात गाळ टाकून जायचा, इजिप्शियन शेतकऱ्याला तो फक्त अडवून धरायचा होता. घोडचा पूर लहरी. चार दिवस आला तर आला. त्याला खिंडीत गाठायला जास्त अक्कल लागते.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला पाटाचं महत्त्व सांगायला नको. पर्जन्यछायेतला हा मुलूख १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं म्हणून बदलला. पाणी कोणाला, किती आणि कधी, याचा घोळ मिटवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. अजूनही आवर्तन सुटायच्या आधी पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि पाणी पोचत नाही ही टेलच्या शेतकऱ्याची तक्रार अजूनही असते. गंमत अशी की त्या काळात भारतातले कालवे बांधून हात बसलेले इंग्रज इंजिनिअर पुढं इजिप्तला गेले. अस्वानचं पहिलं धरण, १९०२ सालचं, ज्याच्या आराखड्यावर उठलं तो विल्यम विल्कॉक्स हिंदुस्थानातच जन्मला आणि रुरकीत शिकला. नाईलला बांध घालायची विद्या हिंदुस्थानातून गेली.

तर मुद्दा असा, की इनामगावच्या प्रमुखाकडंही कोठार होतं, पाट होता, आणि कोणी किती राबलं, कोणाला किती पायल्या गेल्या याचा हिशेब त्याच्या डोक्यात असणारच. पण तो तोंडी होता. तिकडं शेकडो कोसांच्या राज्याचं धान्य वाटायचं होतं, म्हणून कारकून लागला, आणि कारकुनाबरोबर विंचू चावलेला कामगारही खापरावर चढला. इकडं हजार वस्तीचं गाव. सगळे सगळ्यांना ओळखतात. लिहायचं कोणासाठी? म्हणून तिकडच्या खापरावर नाव आहे आणि इकडच्या खापरावर नुसती रेघ.

मग उरतो उकिरडा. पुरातत्त्वाची माणसं उकिरड्यावर जीव टाकतात ते उगीच नाही. चुलीजवळची राख चाळून, पाण्यात तरंगवून, जळके दाणे वेगळे काढले जातात. इनामगावच्या राखेत सगळ्यांत ठळक धान्य निघालं ते जव. त्याच्यासोबत गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, वाल, आणि बोराच्या आठोळ्या. म्हणजे फॅरोच्या कामगाराची बिअर आणि घोडकाठच्या शेतकऱ्याचं जेवण, दोन्ही जवावर चालत होतं. नंतरच्या काळात गहू कमी होत जातो, रानातलं जास्त येऊ लागतं. हाडांमध्ये गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या, हरणं, मासे. गुरांच्या हाडांवर हत्यारांचे घाव आहेत, तेव्हा ती खाल्ली जात होती हे उघड आहे आणि अहवालात तसं छापलेलंही आहे.

दळण दोन्हीकडं बायकांच्या गुडघ्यावर. फिरतं जातं तेव्हा नव्हतं, ते बऱ्याच शतकांनंतर आलं. लांबट, मध्ये खोलगट झालेला दगड आणि त्यावर दोन्ही हातांनी पुढं-मागं ओढायचा वरवंटा. इजिप्तच्या थडग्यांमध्ये अशी दळणारी बाई लाकडात कोरून ठेवलेली सापडते, गुडघे टेकलेली, पुढं झुकलेली. दगडाची कच आणि वाळवंटातली वाळू पिठात जायची, म्हणून राजापासून रंकापर्यंत सगळ्यांचे दात झिजलेले. इनामगावचे दात अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी तपासले. लहान मुलांच्या दुधाच्या दातांवर त्यांना एनॅमलचे दोष दिसले. दात घडत असताना पोर आजारी पडलं किंवा आईला पोटभर मिळालं नाही की असा दोष राहतो. मरणानं लपवलेलं कुपोषण दातानं उघडं पाडलं.

मुलं फार मरायची. इनामगावात सापडलेल्या दोनशेहून जास्त दफनांत बहुतेक लहानग्यांची आहेत. त्यांची पद्धत अशी होती: दोन रांजणवजा मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवायची, आत बाळ, शेजारी एखादं छोटं चंबूसारखं भांडं, आणि हे सगळं घराच्या जमिनीखाली, उत्तर-दक्षिण. वर पुन्हा सारवण. त्याच जमिनीवर स्वयंपाक, तिथंच झोपणं. अंगावर काटा येईल अशी ही गोष्ट वाटते, पण नेवाशातही तेच, इतर जोर्वे गावांतही तेच. नेवाशाच्या एका पोराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्या ओवणीत कापूस आणि रेशमाचे तंतू टिकून राहिले होते. आणि इजिप्तमध्ये? फ्लिंडर्स पेट्रीनं १८८९ च्या सुमारास काहूनला, याहून जुन्या काळच्या कामगारवस्तीत, घरांच्या जमिनीखाली लाकडी पेट्या शोधल्या. कपडे-भांडी ठेवायच्या साध्या पेट्या. त्यात तान्ही मुलं होती, कधी दोन-दोन, तीन-तीन. ज्या देशानं राजांसाठी डोंगर पोखरले तिथल्या आईनंही आपलं बाळ घरातच ठेवलं. दोन्ही समाजांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. ही चाल कुठून कुठं गेली हे शोधण्यात अर्थ नाही. मूल गेलं तरी घराबाहेर काढवत नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. त्यांना खड्ड्यात उताणं निजवायचं, पण घोट्याच्या वरून पाय तोडून. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असा एक समज. तो खरा असेलही. पण त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक दफन निघालं ते या रीतीला अपवाद आहे. कच्च्या मातीचा मोठा, चार पायांचा, पोट फुगलेला रांजण, आणि त्यात चाळिशीचा पुरुष मांडी मुडपून बसवलेला. त्याचे पाय शाबूत. सोबत ठेवलेल्या भांड्यावर एक होडी रंगवली आहे, लांब वल्ह्यांची. इजिप्तच्या थडग्यात होडी असतेच, सूर्याबरोबर पलीकडं जायला. घोडकाठच्या प्रमुखाला होडी कशासाठी दिली? पलीकडं जायलाच, असं अभ्यासकांना वाटलं. मला मात्र असंही वाटतं की घोड-भीमेत त्या काळी होडी चालत असेल आणि चितारणाऱ्यानं रोज दिसणारी वस्तू काढली असेल. दोन्ही एकाच वेळी खरं असायला काय हरकत आहे?

देव मात्र साधे होते. इजिप्तच्या घराघरात बेस नावाचा बुटका, जीभ बाहेर काढलेला देव बाळंतिणीची राखण करायचा, कर्णाकच्या अमूनला सामान्य माणूस कुठं भेटायला जाणार. इनामगावात एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली. तिच्यासोबत कच्च्या मातीच्या स्त्रीमूर्ती आणि एक बैल. एका मूर्तीला शिर नाही. तिच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की बाई बैलावर बसते. भाजायची तसदी कोणी घेतली नाही, म्हणजे एखाद्या व्रतापुरती केली आणि पुरली. आपल्याकडं हरितालिकेला वाळूची पिंड करून दुसऱ्या दिवशी मोडतात, त्या जातीचं काहीतरी.

इ.स.पू. १००० च्या आसपास दिवस पालटले. पाऊस कमी झाला असं ढवळीकरांचं म्हणणं. काही जण त्याला दुसरीही कारणं जोडतात. चौकोनी ऐसपैस घरं जाऊन गोल, लहान झोपड्या आल्या. शेती आखडली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढली. ऊसतोडीच्या हंगामात बारामती-इंदापूरच्या शिवारात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, तितकाच संसार मावेल अशी ती घरं. तीनशे वर्षं लोकांनी तशीच काढली, आणि मग गाव उठलं. गंमत म्हणा की योगायोग, नाईलकाठीही याच सुमारास नवं राज्य मोडलं, देर अल-मदिनाचे कारागीर घरं सोडून जवळच्या देवळाच्या तटबंदीत राहायला गेले, आणि ज्या थडग्यांवर बापजाद्यांचा घाम गेला त्यांतलं सोनं लुटल्याबद्दल काहींवर खटले चालले. धान्य थांबलं की दुसरं काय होणार.

इथली उरलेली गोष्ट थोडक्यात. पुढं लोखंड आलं, काळी जमीन फोडता आली आणि ज्वारी पसरली. आपण जिला अगदी मातीतली म्हणतो ती ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानच्या पूर्व भागात माणसाळलेली. इंदापूरच्या जिरायती पट्ट्यातला शाळू नाईलच्या अंगणातून आला असं म्हणायला हरकत नाही, आणि खुद्द फॅरोच्या ताटात मात्र भाकरी ज्वारीची नव्हती.

पांढरीचं पुढं काय झालं हे सांगितलं पाहिजे. धाब्याच्या घरावर टाकायला पांढरी माती लागते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी जुनी टेकाडं खणली. शेतात टाकायलाही नेली. इजिप्तमध्येही हेच. जुन्या विटांची माती खत म्हणून उचलणाऱ्या शेतकऱ्यांना १८८७ मध्ये अमार्नाची मातीची पत्रं सापडली, राजाराजांमधला अस्सल पत्रव्यवहार, आणि त्यातली काही तिथंच भुगा झाली. आमच्याकडं आता घमेल्याची जागा जेसीबीनं घेतली आहे. टेकाड एका दुपारीत सपाट होतं आणि त्यावर ठिबक पसरतं. काही पाण्याखाली गेलं. उजनीनं भीमाकाठची जुनी गावं पोटात घेतली. पळसदेवचं देऊळ पाणी आटलं की वर येतं आणि लोक बघायला जातात. अस्वानच्या मोठ्या धरणापायी अबू सिंबेल बुडणार म्हटल्यावर साऱ्या जगानं पैसे जमवून १९६४ ते ६८ मध्ये देऊळ कापून वर नेलं. पळसदेवसाठी कोणी वर्गणी काढली नाही. गाव मात्र माणसांनी आपल्या हातानं वर हलवलं.

म्हणून भीमा, नीरा आणि कऱ्हेच्या काठी जमीन असणाऱ्यांसाठी थोडी ओळख सांगून ठेवतो. नांगरट झाल्यावर पहिल्या पावसानंतर बांधाच्या कडेनं बघा. तांबूस-नारिंगी रंगाचं, पातळ, चांगलं भाजलेलं खापर, वर काळ्या आडव्या किंवा तिरक्या रेघा, क्वचित नळकांड्यासारखी तोटी, आणि एकमेकांवर आपटलं तर भद्द न वाजता खणकन वाजणारं. सोबत दुधाळ किंवा तपकिरी दगडाच्या बोटभर पातळ चिपा असतील तर शंका उरत नाही. उचलून घरी नेऊ नका. गट नंबर लिहून घ्या, फोटो काढा, जागा तशीच ठेवा, आणि डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. जेसीबीवाल्याला तेवढ्यापुरतं थांबायला सांगा. त्याचा तासाचा हिशेब नंतर बघता येईल.